सायकलचा दिवा : पाहण्यासाठी आणि दिसण्यासाठी

सायकलला दिवा कोणता घ्यावा, हा प्रश्न ऐकायला किरकोळ वाटतो. परंतु दिवाळीच्या सुट्टीनंतर दहावीच्या जादा तासिका सुरू झाल्या, की आसपासच्या वस्त्यांवरून येणारी आपली मुले-मुली सायंकाळी सात-साडेसातला विद्यालयाच्या फाटकाबाहेर पडतात. त्या दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास मावळलेला असतो आणि रस्त्यावर दिव्याचा एकही खांब नसतो. नेमका तोच ऊसतोडीचा हंगाम. भरलेल्या ट्रॉल्या, रिकाम्या परतणाऱ्या बैलगाड्या आणि त्यांना ओलांडून पुढे जाऊ पाहणाऱ्या मोटारी, सारे एकाच अरुंद डांबरी पट्टीवर. पालक-सभेत हा प्रश्न म्हणूनच दरवर्षी निघतो. दुकानदार डब्यावर छापलेला मोठा आकडा दाखवतो, पालक किंमत पाहतो, आणि बहुधा दोघांच्याही ध्यानात येत नाही की आकडा एका कामाचा आहे व गरज दुसऱ्याच कामाची. त्या दोन कामांतला भेद स्पष्ट करावा, एवढ्याच हेतूने हे लेखन केले आहे.

सायकलच्या दिव्याची कामे दोन. एक, स्वाराला रस्ता दिसावा. दुसरे, इतरांना स्वार दिसावा. पहिल्या कामासाठी प्रकाश रस्त्यावर पडावा लागतो. दुसऱ्यासाठी तो समोरच्याच्या डोळ्यात पोहोचावा लागतो. एक खड्ड्यापासून वाचवतो, दुसरा चाकाखाली जाण्यापासून. आपण बाजारात जातो तेव्हा आपल्या मनात पहिलेच काम असते, कारण अंधाराचा त्रास आपल्याला स्वतःला जाणवतो. आपण दुसऱ्याला दिसत नाही, हे मात्र आपल्याला कधीच जाणवत नाही. अंधारात चालणाऱ्या माणसाला समोरून येणारी मोटार दूरवरून लख्ख दिसते, आणि मला ती दिसते म्हणजे तिलाही मी दिसत असणार, असे मन धरून चालते. हे गृहीतक अत्यंत घातक आहे. म्हणून दिसण्याचा विचार आधी करू.

थोडे गणित मांडतो. आठवीच्या विद्यार्थ्याला ते सहज समजेल. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारी मोटार एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. समोर काही आहे हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला, तर तेवढ्यात गाडी २५ मीटर पुढे आलेली असते. कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक लागले तरी थांबायला आणखी २३-२४ मीटर हवेत. म्हणजे एकूण अंतर ५० मीटरच्या घरात जाते. आता दुसरी बाजू पाहा. गाडीचा दिवा डिपरवर असेल, तर गडद कपड्यांतला माणूस चालकाला साधारणपणे २५-३० मीटरवर ओळखू येतो, कारण काळे वा निळे कापड त्याच्यावर पडलेल्या प्रकाशाचा फारच थोडा अंश परत पाठवते. ५० मीटर हवेत आणि ३० मीटर मिळतात. चालक सावध असो, निर्व्यसनी असो, सज्जन असो. उरलेले २० मीटर तो कोठून आणणार? आपल्या मुलांच्या गणवेशाची पँट आणि हिवाळ्यातला स्वेटर दोन्ही गडद रंगांचे आहेत, हे येथे नमूद केले पाहिजे.

ही तूट भरून काढणारी सर्वांत स्वस्त वस्तू म्हणजे मागचा तांबडा दिवा. त्याला फार शक्ती लागत नाही. अंधारात स्वतः प्रकाशणारा लहानसा बिंदूही कित्येकशे मीटरवरून दिसतो; काळोख्या माळावर दूरच्या वस्तीतला एकच दिवा कसा डोळ्यात भरतो, हे ग्रामीण वाचकाला सांगायला नको. म्हणून मागच्या दिव्याच्या बाबतीत ‘किती प्रखर’ यापेक्षा ‘झाकला तर जात नाही ना’ आणि ‘बाजूनेही दिसतो ना’ हे दोन प्रश्न महत्त्वाचे. बहुतेक तांबडे दिवे सीटखालच्या दांड्याला बसवण्यासाठी केलेले असतात. आपल्याकडे कॅरियरवर दप्तर असते, वैरणीचा भारा असतो, दुधाची किटली असते. पावसाळ्यात रेनकोटचा घोळ मागे लोंबतो. दिवा पेटलेला असतो आणि कोणालाही दिसत नसतो. तो कॅरियरच्या मागच्या कडेला किंवा मडगार्डच्या टोकाला बसवावा, सरळ मागे रोखलेला असावा. खाली झुकलेला दिवा डांबराला प्रकाश देतो, ट्रकचालकाला नाही.

तो लुकलुकणारा असावा की स्थिर, याविषयी मतभेद आहेत. लुकलुकणारा दिवा लक्ष चटकन वेधून घेतो आणि सेलही जास्त टिकतो. ब्रिटनने २००५ पासून सायकलला असा दिवा कायद्याने मान्य केला, मात्र मिनिटाला ६० ते २४० वेळा उघडझाप व्हावी ही अट घातली. जर्मनीने मात्र सायकलवरच्या लुकलुकत्या दिव्याला मनाई केली. दोन्ही बाजूंना कारण आहे. उघडझाप करणाऱ्या बिंदूकडे लक्ष जाते, परंतु तो किती दूर आहे आणि कोणत्या गतीने जातो आहे, याचा अंदाज अंधाऱ्या रस्त्यावर नीट बांधता येत नाही. माझ्या मते आपल्या रस्त्यांवर स्थिर तांबडा दिवा अधिक योग्य. ऐपत असेल तर एक स्थिर आणि जोडीला एक लुकलुकणारा. पुढे मात्र लुकलुकणारा पांढरा दिवा लावून अंधारात जाऊ नये. समोरच्याला त्याचा ताप होतो आणि स्वाराला रस्ता तुकड्या-तुकड्यांनी दिसतो.

दिव्याइतकाच, किंबहुना काही बाबतींत दिव्यापेक्षाही भरवशाचा सोबती म्हणजे परावर्तक. आपण ज्याला रिफ्लेक्टर म्हणतो तो. त्याला सेल लागत नाही, चार्जिंग लागत नाही, तो विझत नाही. आरशावर तिरपा प्रकाश पडला तर तो दुसऱ्याच दिशेला निघून जातो. परावर्तकाची रचना अशी असते, की प्रकाश ज्या दिशेने आला त्याच दिशेला परत जातो. एकमेकांना काटकोनात जोडलेले तीन लहान पृष्ठभाग, किंवा काचेचे अगदी बारीक मणी, हे काम करतात. गाडीच्या दिव्याचा प्रकाश गाडीकडेच परततो आणि चालकाला परावर्तक पेटल्यासारखा दिसतो. ब्रिटनमधील यॉर्कशायर परगण्यात पर्सी शॉ नावाच्या गृहस्थाने १९३४ साली रस्त्याच्या मध्यभागी बसवण्याच्या परावर्तकाचे पेटंट घेतले. मांजराच्या डोळ्यांवरून त्याचे नाव ‘कॅट्स आय’ असे पडले. आज आपल्या महामार्गांवरही तशाच जातीचे चमकते ठोकळे दिसतात. १९६९ मध्ये ‘अपोलो ११’च्या अंतराळवीरांनी चंद्रावर जी उपकरणे ठेवली, त्यांत याच तत्त्वावरचा परावर्तक होता. पृथ्वीवरून सोडलेला लेसर किरण तेथून परत येतो आणि त्यावरून चंद्राचे अंतर मोजतात. जे तत्त्व चंद्रावर चालते, ते आपल्या सायकलच्या मडगार्डवर पाच-दहा रुपयांना मिळते. मात्र आपण ते चिखलाने माखलेले ठेवतो.

ट्रक आणि ट्रॉलीला लावतात ती चमकणारी पट्टी ऑटो-पार्टच्या दुकानात मीटरवर विकत मिळते. वाहनांसाठी तिच्या रंगांचा नियम ठरलेला आहे : पुढे पांढरी, मागे तांबडी, बाजूला पिवळी. सायकललाही हाच नियम पाळावा, कारण चालकाचे डोळे त्या रंगांना सरावलेले असतात. तांबडे दिसले की ती पाठ, हे त्याला विचार न करता कळते. बाजूची पट्टी विसरू नये. चौफुल्यावर आडवी जाणारी सायकल ना पुढच्या दिव्याने दिसते, ना मागच्या. चाकाच्या आऱ्यांवरचे पिवळे परावर्तक याच कामासाठी असतात. नवी सायकल घरी आली की मुले प्रथम तेच काढून टाकतात.

येथे एका संशोधनाचा उल्लेख करणे आवश्यक वाटते. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड येथील दृष्टितज्ज्ञांनी बंदिस्त रस्त्यावर रात्री चालकांकडून गाडी चालवून घेतली आणि वेगवेगळ्या वेशांतील सायकलस्वार त्यांना ओळखू येतात का, हे तपासले. त्यांचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. काळ्या कपड्यांतला स्वार चालकांनी अवघ्या २ टक्के वेळा ओळखला. दिवसा डोळ्यात भरणारे भडक फ्लोरोसंट जाकीट घातलेला स्वार १५ टक्के वेळा, परावर्तक पट्ट्यांचे जाकीट घातलेला ५० टक्के वेळा. आणि त्याच जाकिटाबरोबर घोट्यांना व गुडघ्यांना परावर्तक पट्ट्या बांधलेला स्वार ९० टक्के वेळा. केवळ चार पट्ट्यांनी ५० चे ९० झाले. याचे कारण मानवी नजरेच्या घडणीत आहे. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नर योहान्सन यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले होते, की काळोखात माणसाच्या सांध्यांवर लावलेले ठिपके तेवढे दिसले, तरी ते हलू लागताच पाहणाऱ्याला तो माणूस आहे हे तत्काळ कळते. स्थिर चमकता ठिपका मैलाचा दगड असू शकतो, रस्त्याकडेला पडलेला डबा असू शकतो. वर-खाली होणारे दोन ठिपके म्हणजे पेडल मारणारे पाय. त्यामुळेच ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर १९८५ नंतर तयार झालेल्या सायकलींच्या पेडलवर पिवळसर परावर्तक असणे बंधनकारक आहे.

आमच्या मैदानावर अमावास्येच्या सुमारास विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही याचाच साधा अवतार करून पाहिला. तीन मुले ओळीने दूर चालत गेली : एकाच्या अंगात निळा स्वेटर, दुसऱ्याच्या अंगात पांढरा सदरा, तिसऱ्याच्या बुटांना पाठीमागून ट्रॉलीच्या पट्टीचा वीतभर तुकडा चिकटवलेला. उरलेल्यांनी टॉर्च डोळ्यांजवळ धरून पावले मोजली. निळा स्वेटर प्रथम गेला, काही पावलांनंतर पांढरा सदराही गेला. पट्टीचे बूट कुंपणापर्यंत दिसत राहिले आणि तेथून परतही आले. फळ्यावर प्रकाशकिरणांच्या आकृत्या काढून जे पोहोचले नसते, ते त्या रात्री पोहोचले. दुसऱ्या दिवशी कार्यशाळेतली उरलेली पट्टी संपली.

इतिहासाचा शिक्षक असल्याने येथे थोडे विषयांतर करतो. वाचकांनी ते गोड मानून घ्यावे. मागचा दिवा ही सायकलस्वाराची जबाबदारी आहे, हे आज आपण निर्विवाद समजतो. परंतु ते नेहमी तसे नव्हते. ब्रिटनमध्ये ‘सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब’ ही १८७८ साली स्थापन झालेली सायकलस्वारांची जुनी संघटना. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात सायकलला मागचा दिवा सक्तीचा करण्यास तिने सातत्याने विरोध केला. तिचा युक्तिवाद असा : जो वेगाने येतो, त्यानेच आपल्या दिव्याच्या टप्प्यात थांबता येईल इतका वेग ठेवावा, पुढे काय आहे हे पाहण्याचे ओझे मागून येणाऱ्याचे आहे, ते पुढे चालणाऱ्याच्या पाठीवर टाकू नये. दुसऱ्या महायुद्धात हवाई हल्ल्यांच्या भीतीने सगळीकडे अंधार पाळला जाऊ लागला, तेव्हा तांबडा दिवा सक्तीचा झाला आणि युद्ध संपल्यावरही तो नियम राहिला. संघटनेचा मुद्दा न्यायाच्या दृष्टीने मला आजही बिनतोड वाटतो. ज्याच्या हाती शक्ती, त्याच्यावर जबाबदारी अधिक, हेच योग्य होय. रस्ता कर भरणाऱ्या मोटारीइतकाच पायी चालणाऱ्या मजुराचा आणि सायकलवरच्या मुलीचाही आहे. तेथे दिव्याचे खांब मागणे, ट्रॉलीला मागे परावर्तक लावून घेणे, यासाठी ग्रामसभेत बोलले पाहिजे आणि अर्जही दिले पाहिजेत. पण अर्जाचे उत्तर येईपर्यंत मुलगी रोज त्याच रस्त्याने घरी जाणार आहे. म्हणून दिवा.

आता पुढच्या दिव्याकडे वळू. येथेच डब्यावरच्या आकड्यांचा गोंधळ सुरू होतो. डब्यावर ‘ल्युमेन’ लिहिलेले असते. ल्युमेन म्हणजे दिव्यातून सर्व दिशांना मिळून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. पण रस्त्यावर किती पडतो हे ‘लक्स’ सांगते : १ चौरस मीटर पृष्ठभागावर १ ल्युमेन पडला, की १ लक्स. पौर्णिमेचे चांदणे पाव लक्सच्या आसपास असते. पाटात पाणी किती सोडले हा एक हिशेब, आणि आपल्या वाफ्यात किती पोहोचले हा दुसरा. शेतकऱ्याला हा फरक अधिक सांगावा लागू नये. समजा ३०० ल्युमेनचा दिवा आहे. त्याचा सगळा प्रकाश ३ मीटर रुंद आणि १० मीटर लांब अशा रस्त्याच्या पट्ट्यावरच पडला, तर स्थूलमानाने तेथे सरासरी १० लक्स मिळतील, आणि सायकलच्या वेगाला ते पुरे आहेत. पण तोच दिवा टॉर्चसारखा गोल झोत टाकणारा असेल, तर निम्म्याहून अधिक प्रकाश झाडांच्या शेंड्यांवर, आकाशात आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात जातो. आकडा ३००च, रस्त्यावर मात्र निम्मे.

जर्मनीतील नियम या बाबतीत शहाणपणाचा आहे. तेथे सायकलच्या दिव्याची परीक्षा ल्युमेनवर होत नाही. १० मीटर अंतरावर किमान १० लक्स मिळतात का आणि झोताची वरची कड स्पष्ट कापलेली आहे का, हे पाहतात. मोटारीच्या डिपरप्रमाणे एका रेषेच्या वर प्रकाश जाता कामा नये. असा कापलेल्या झोताचा दिवा आपल्याकडेही मिळू लागला आहे, थोडा महाग पडतो. तो मिळाला नाही तर गोल झोताचा दिवा खाली झुकवून बसवावा, इतका की झोताचा मध्य सायकलपुढे आठ-दहा मीटरवर रस्त्याला टेकेल.

किती लांबवर दिसायला हवे, हे वेगावर ठरते. ताशी १५ किलोमीटर वेगाने, म्हणजे दप्तर घेऊन सपाटीवर जाणाऱ्या मुलाच्या वेगाने, खड्डा दिसल्यापासून थांबेपर्यंत ९-१० मीटर लागतात. २० किलोमीटरला १३-१४. उतारावर सायकल सहज ३० चा वेग गाठते आणि तेथे २४ मीटर लागतात. रिम ओली असेल तर आणखी. साध्या दिव्याचा उपयुक्त टप्पा १२ ते १५ मीटरच असतो. याचा अर्थ, उतारावर आपण दिव्याच्या पुढे धावत असतो. तेथे दुप्पट किमतीचा दिवा घेण्यापेक्षा ब्रेकवर बोटे ठेवणे स्वस्त आणि खात्रीचे. शिवाय प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो; दुप्पट अंतरावर तेवढाच उजेड हवा असेल, तर चौपट प्रखर दिवा लागतो. दोनशे ते चारशे खऱ्या ल्युमेनचा, नीट रोखलेला दिवा गावच्या रस्त्याला पुरेसा आहे.

दिवा हँडलवर किंवा त्याच्याही खाली, पुढच्या चिमट्यावर बसवावा. हल्ली काही मुले कपाळावर पट्ट्याने बांधायचा दिवा वापरतात. शेतात रात्री पाणी द्यायला जाणाऱ्याला तो उत्तम. पण सायकलवर तो एकटा पुरत नाही. खड्डा आपल्याला दिसतो तो त्याच्या सावलीमुळे. दिवा डोळ्यांजवळ असला की सावली वस्तूच्या आड लपते आणि खड्डा, दगड, गतिरोधक सारे सपाट भासते. दिवा खाली असला की लहानशा खळग्याचीही सावली लांब पडते व तो आधी कळतो. शिवाय कपाळावरचा दिवा आपण ज्याच्याकडे पाहू त्याला दिपवतो. मोबाइलचा दिवा दातांत किंवा हातात धरून चालवणे तर विचारातही घेऊ नये. तो उजेड जवळच पसरतो आणि एक हात, म्हणजे एक ब्रेक, जातो. हँडलपुढे बास्केट असेल तर दिवा बास्केटच्या पुढच्या कडेला न्यावा, नाहीतर सगळा उजेड बास्केटमधल्या डब्यावर पडतो.

डब्यावरचा दुसरा आकडा सेलचा, आणि तेथे तर निव्वळ थापा चालतात. चार्ज होणाऱ्या बहुतेक दिव्यांत ‘१८६५०’ या नावाचा लिथियम सेल असतो : १८ मिलिमीटर जाडीचा, ६५ मिलिमीटर लांब. त्याचा दाब ३.७ व्होल्ट. चांगल्या सेलची क्षमता २६०० ते ३५०० मिलिअँपिअर-तास. या मापाच्या सेलवर ९८०० असे छापलेले दिसले, तर दिवा खाली ठेवावा आणि दुकानाबाहेर पडावे. २६०० चा सेल धरला तर ३.७ गुणिले २.६, म्हणजे सुमारे ९.६ वॅट-तास एवढी ऊर्जा त्यात मावते. चांगला एलईडी एका वॅटला साधारण १०० ल्युमेन देतो. तेव्हा ३०० ल्युमेनला ३ वॅट लागतील आणि सेल फार तर ३ तास चालेल. आता ‘१०,००० ल्युमेन’ असे लिहिलेला दिवा घ्या : त्याला १०० वॅट लागतील, आणि तो सेल सहा मिनिटांतच रिता होईल, हात पोळेल ते वेगळेच. सहावीचा गुणाकार येणाऱ्याला या बाजारात फसण्याचे कारण नाही.

चार्जिंगच्या दिव्याचा खरा दोष त्याच्या सेलमध्ये नसून आपल्या सवयीत आणि आपल्या विजेत असतो. लोडशेडिंग असते, मुलगा विसरतो, केबल धाकटा भाऊ नेतो. म्हणून जुना डायनामो मला अजूनही आदरणीय वाटतो. त्याच्याही आधी कार्बाइडचे दिवे होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते सायकलवर आले. वरच्या भांड्यातले पाणी थेंबथेंब कॅल्शियम कार्बाइडवर पडे आणि निघालेला ॲसिटिलीन वायू पांढऱ्या ज्योतीने जळे. पुण्यात बिनदिव्याच्या सायकलस्वाराला पोलीस अडवीत, ही आठवण आमच्या आधीच्या पिढीतले अनेक जण सांगतात. त्या पिढीचा दिवा मुख्यतः डायनामोचाच. टायरच्या कडेला घासून फिरणारी ती बाटली ६ व्होल्ट व ३ वॅट वीज देते. पाय थोडे जड होतात, पावसात ती घसरते आणि सायकल थांबली की दिवाही जातो; चौफुल्यावर थांबलेला स्वार अंधारात बुडतो. पण त्याच ३ वॅटवर आता जुन्या बल्बऐवजी डायनामोसाठी केलेला एलईडी दिवा लावला, तर कित्येक पट उजेड मिळतो, आणि काही दिव्यांत सायकल थांबल्यावरही चार-दोन मिनिटे उजेड टिकवण्याची सोय असते. विसरण्याचा प्रश्नच उरत नाही.

विसरण्याचा प्रश्न लहान नाही. डेन्मार्कमधील ओडेन्से शहरात २००४-०५ मध्ये ३,८४५ सायकलस्वारांवर वर्षभर प्रयोग झाला. त्यांतील काहींच्या सायकलींना, चाकाच्या आऱ्यांवरील चुंबकाने आपोआप चालणारे, दिवसरात्र पेटते दिवे बसवले. उरलेल्यांनी नेहमीप्रमाणेच दिवे वापरले. पेटत्या दिव्यांच्या गटात इजा होणाऱ्या अपघातांचे प्रमाण १९ टक्क्यांनी कमी आढळले. ते दिवे प्रखर नव्हते. ते फक्त नेहमी चालू होते.

पावसासाठी डब्यावर ‘आयपीएक्स ४’ किंवा त्याहून मोठा आकडा असावा. ४ म्हणजे सर्व बाजूंनी उडणारे पाणी सोसणारा, ७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी चालणारा. चार्जिंगच्या छिद्रावरचे रबरी झाकण सैल असेल तर हे आकडे निरर्थक होत.

समोरून अप्पर लाइट लावून वाहन आले, तर त्याच्या दिव्याकडे पाहू नये. नजर आपल्या डाव्या हाताच्या साइडपट्टीवर ठेवावी आणि वेग कमी करावा. अंधाराला पुरते सरावायला डोळ्यांना २० ते ३० मिनिटे लागतात, आणि ती सवय मोडायला एक झोत पुरतो. वाहन गेल्यानंतरचे काही क्षण माणूस जवळजवळ आंधळा असतो आणि १५ च्या वेगाने प्रत्येक सेकंदाला ४ मीटर पुढे सरकत असतो. रस्त्याकडेला उभी केलेली बिनदिव्याची ट्रॉली नेमकी त्याच क्षणी आडवी येते.

पैशाचे म्हणाल, तर क्रम असा धरावा. प्रथम पट्टी आणि पेडलचे परावर्तक, खर्च चहा-नाश्त्याएवढा. मग मागचा तांबडा दिवा. त्यानंतर पैसे उरले तर पुढचा. हा क्रम बहुतेक पालकांना उलटा वाटतो, पण ज्यांच्याकडे एकाच वस्तूपुरते पैसे आहेत, त्यांनी तरी तो उलटा करू नये. मानव विकास कार्यक्रमात शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. आपल्या परिसरातल्या अनेक मुलींची शाळा त्या सायकलींमुळे सुटली नाही, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. ती सायकल घरी आली, की त्याच आठवड्यात तिच्या मागे तांबडा दिवा बसावा, यासाठी माजी विद्यार्थ्यांनी काही करावे असे सुचवतो. एका दिव्याला दोन-तीनशे रुपये धरले, तरी एका वर्गाचा हिशेब फार होत नाही.

दिवा घ्यायला दिवसा जाऊ नये. अंधार पडल्यावर सायकल घेऊनच दुकानात जावे, दिवा बसवायला लावावा, सोबत्याला दिवा चालू ठेवून सायकलवर बसवावे आणि आपण रस्त्याने साठ-सत्तर पावले मागे चालत जाऊन वळून पाहावे. दप्तर कॅरियरवर असू द्यावे.